दरबान काका आणि बिनमाचिसचा धूर

जबलपुरात मुलीच्या अभ्यासाची माझ्याइतकी काळजी घेणारा बाप तुम्हाला सापडायचा नाही. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तिची सिगरेट मी स्वतःच्या हातानं चार्ज करून दिली.

आता सिगरेट चार्ज कशी होते असं तुम्ही विचाराल, तर तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं. पुढं येईलच ते. पण ही गोष्ट माझी नाही. माझी सांगायला बसलो तर सहावीत संपते, कारण शाळाच तिथं संपली. ही गोष्ट आहे आमच्या दरबान काकांची. हे काका भेटल्यावर नमस्कार करत नसत. हात हुंगत.

"हात आण," म्हणायचे. मग तुम्ही पाहुणे असा, नवरदेव असा, नाहीतर सत्यनारायण सांगायला आलेले गुरुजी असा. उजवा हात पुढं करायचा. काका तो दोन्ही हातांत धरायचे, बोटं नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि मग सोडून द्यायचे. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांचाही हात त्यांनी असाच घेतला. सासरे बालाघाटचे. त्यांना वाटलं ही जबलपूरची पद्धत असेल. त्यांनीही काकांचा हात हुंगला. दोघं किती तरी वेळ तसेच उभे, आणि मी घोड्यावर.

काका आमच्या अधारतालच्या गल्लीत दोन घरं सोडून राहायचे. एका बारूदच्या फॅक्टरीच्या गेटावर चौतीस वर्षं दरबान होते. जिथं बारूद भरतात तिथं आत एक काडीसुद्धा न्यायची नाही, हा कायदा. सकाळच्या पाळीला माणसं रांगेत यायची, खिडकीत आपली बिडी, माचिस, लायटर जमा करायची, काका नंबरचा पितळी बिल्ला द्यायचे. संध्याकाळी बिल्ला द्या, वस्तू न्या. शेकडो माणसं, पण याची बिडी त्याला गेली असं कधी झालं नाही. आणि हात हुंगणं तिथलंच. कोणी म्हणाला, "काका, आज काही नाही माझ्याकडे," की काका त्याची बोटं हुंगायचे. ताजा वास असला की मोजे काढायला लावायचे. "खिसा खोटं बोलतो," म्हणायचे, "बोटाला ते जमत नाही."

एकदाच चुकले होते. आत फरशीवर एक काडी सापडली, न पेटलेली. एका पोरानं केसांत खोचून नेली होती. झालं काही नाही. पण काकू सांगायच्या की हे तीन दिवस जेवले नाहीत, नुसते बसून राहिले. त्यानंतर काका बोटं हुंगायचे आणि डोक्यावरूनही हात फिरवायचे. आम्हा पोरांना वाटायचं आशीर्वाद देऊन राहिले.

मी चौदा वर्षांचा असताना मुन्ना नावाच्या दोस्ताबरोबर तलावाच्या मागं पहिली सिगरेट ओढली. मुन्नानं ती आपल्या मामाच्या कोटातून आणली होती. पेटवायचा मान मला दिला, आणि मी कापसाच्या टोकाकडून पेटवली. असा वास सुटला की कोणी चप्पल जाळून राहिलं. मुन्ना म्हणाला, "महँगी वाली है, इसलिए." मी एक झुरका घेतला, डोळ्यांपुढं काजवे, गळ्यात निखारा, आणि तिथंच गवतात सकाळचे पोहे बाहेर. तोंड पुसून मी मुन्नाला म्हणालो, "मस्त आहे." काहून म्हणालो ते मला आज पंचेचाळिसाव्या वर्षीही कळलं नाही.

घरी जायच्या आधी बोटांना कडुलिंब चोळला. भरवसा वाटेना म्हणून वरून पेरूचं पान चोळलं. तरी भरवसा वाटेना म्हणून मातीत हात घासले. गल्लीच्या तोंडाशी काका.

"हात आण, गज्या."

हुंगला. डोळे मिटून वाचल्यासारखं बोलले. "माती. खाली पेरू. त्याच्या खाली कडुलिंब." मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुन्हा हुंगला. "आणि हे सगळ्यांत खाली काय आहे रे? चप्पल जाळलीस काय?"

मी खरं सांगून टाकलं. त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, "उलटी पेटवलीस. माचिस आण."

मला वाटलं आता माझ्या बापाकडे नेतात. पण त्यांनी माचिस घेतली, शर्टाच्या खिशात टाकली आणि चालायला लागले. मी मागं मागं. "काका, बाबांना सांगणार काय?"

"नाही. सांगितलं तर तो मारेल. आणि मार खाल्ला म्हणून तू अजून एक ओढशील."

पुढं सगळी वर्षं हेच. मी अठराचा झालो, दुकान टाकलं, लग्न झालं. सिगरेट सुटली नाही आणि काकांनी ती कधी मागितली नाही. नुसती माचिस घ्यायचे. "ती ठेव तुझ्याजवळ. आग इकडे दे." मी पाकीट घेऊन गल्लीभर आग मागत फिरायचो आणि सगळ्यांना कळायचं. काकूंनी कधी माचिस विकत आणलेली मला आठवत नाही. त्यांचा गॅस माझ्या माचिशींवर पेटायचा.

आता माझ्या मुलीकडे येतो. सोनू माझी, दहावीत. इंग्रजी शाळा, बाहेर बोलायला हिंदी, मराठी फक्त घरी आणि तीही निम्मी. आईवर गेली आहे. तिची आई अंगणवाडीत आहे आणि तिच्या नजरेतून साखरेचा दाणा सुटत नाही. माझं गोहलपुरात मोटरसायकलच्या सीट कव्हरचं दुकान. रेग्झिन कापायचं, फोम चिकटवायचा, शिवायचं. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास पंचवीस वर्षं घेऊन घेऊन माझं नाक आता फक्त चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं आहे. सोनूची कोचिंग माझ्या दुकानाच्या बाजूलाच.

दिवाळीच्या सुट्या संपल्या आणि एक दिवस ती दुकानात आली. हातात बोटाएवढी एक निळी चपटी डबी. "बाबा, ये पेन ड्राइव्ह है. यात माझे सगळे नोट्स आहेत. चार्जिंगला लावून ठेवाल? घरी आई हर चीज़ पूछती है."

मला इतका आनंद झाला. मुलगी आईला सोडून बापावर भरोसा ठेवून राहिली. मी मशीनचा प्लग काढला आणि तिचा लावला. तेव्हापासून रोज. कोचिंगला जाताना ती ठेवून जायची, येताना घेऊन जायची. मी रेग्झिनच्या मऊ तुकड्यानं पुसून ठेवायचो. लाल लाइट लागायचा, भरली की हिरवा व्हायचा. एकदा ती लवकर घरी निघून गेली तर मी फोन केला, "बेटा, तुझे नोट्स फुल झाले." तिनं फोनच ठेवून दिला. मला वाटलं भरून आलं पोरीला.

एक गिऱ्हाईक मला म्हणालंसुद्धा, "भैया, पेन ड्राइव्ह चार्ज नहीं होती." मी त्याला म्हणालो, "तुझ्या जमान्यातली नसेल होत." तो वीस वर्षांचा होता.

इकडं गल्लीत काका रोज संध्याकाळी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. ऐंशीला आले होते, पण अंगात अजून फॅक्टरीचा खाकी स्वेटर. सोनू कोचिंगहून आली की, "हात आण, सोने." ती लहानपणापासून देत आली होती. डिसेंबरच्या सुरुवातीला एक दिवस मीही तिच्याबरोबर होतो, काकांनी तिचा हात धरला तो सोडेचनात.

"आंबा," म्हणाले.

"हँडवॉश है आजोबा," म्हणून ती घरी पळाली.

काका माझ्याकडे वळले. "गज्या, या थंडीत आंबा?"

"हँडवॉश आहे काका."

"हँडवॉश दोन्ही हातांना लागतो. हा वास दोन बोटांना आहे."

मी हसलो. आठ दिवसांनी त्यांना टरबूज आलं. मग पुदिना आला. "पुदिना, पण थंड," ते म्हणाले. "वास थंड कसा असेल रे?" मग त्यांना स्वतःचीच शंका यायला लागली. घरी जाऊन त्यांनी काकूंचे मसाल्याचे डबे डोळे मिटून हुंगले. सगळे बरोबर ओळखले. तरी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नाकात टॉर्च मारला, म्हणाले वय झालं, आणि ड्रॉप दिले.

त्या दिवशी ते माझ्या दुकानात येऊन बसले. हळूच म्हणाले, "माझ्या नाकाचं काहीतरी बिघडलं, गज्या." दुकानात चार गिऱ्हाइकं होती, आणि चार माणसं समोर असली की माझी जीभ माझ्या हातात राहत नाही. मी म्हणालो, "काका, चौतीस वर्षं नोकरी केली त्यानं. आता नाकालाही पेन्शन द्या." सगळे हसले. काकाही हसले. ड्रॉपची बाटली खिशात टाकली आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हात मागणं बंद केलं. सोनूनं सवयीनं पुढं केला तर म्हणाले, "असू दे." मी केला तर म्हणाले, "असू दे." माचिसही घेतली नाही. मला मोकळं वाटायला पाहिजे होतं. मी त्या संध्याकाळी एकामागून एक तीन सिगरेटी ओढल्या आणि तिन्ही बेचव लागल्या. काय झालं होतं मला, कोणाला माहीत.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी तिळगूळ पाठवला. काका डबा घेऊन दुकानात आले. एक कॉलेजचं पोरगं मोबाइल पाहत बाकावर बसलं होतं, त्याच्या गाडीची सीट मी उघडली होती. काका स्टुलावर बसले. मग उठले. मान वळवली.

"आंबा कुठं आहे?"

"काका, ड्रॉप टाकले नाही काय आज?"

त्यांनी ऐकलं नाही. वाकून, हळू हळू, नाकामागं चालत ते काउंटरच्या टोकाशी आले आणि चार्जिंगवरची निळी डबी उचलली. "हे काय आहे?"

"सोनूचा पेन ड्राइव्ह. नोट्स आहेत त्यात."

पोरानं मोबाइलवरून मान वर केली. डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अंकल, ये वेप है."

"म्हणजे?"

"सिगरेट समझ लो. खींचो, धुआँ निकलता है. ऊपर का टुकड़ा बदल दो तो फ्लेवर बदल जाता है. मँगो, तरबूज, मिंट."

काकांनी डबी उलटीसुलटी करून पाहिली. "माचिस कुठं लावायची?"

"माचिस नहीं लगती दादाजी. बैटरी है."

"आग नाही?"

"नहीं."

"राख?"

"नहीं."

"मग धूर कशाचा?"

पोरानं विचार केला. "वो तो मुझे भी नहीं पता," म्हणालं.

काका बसले. चेहऱ्यावर पहिल्यांदा काय आलं असेल, तर आनंद. "माझं नाक बरोबर होतं, गज्या," म्हणाले. आणि लगेच खाली पाहायला लागले, कारण आपण कशाचा आनंद मानून राहिलो ते त्यांच्या ध्यानात आलं. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी तर सगळी नोकरी माचिस पकडली. याच्यात काय पकडायचं?"

माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं. माझी सोनू, पंधरा वर्षांची, वर्गात पहिल्या पाचांत. पोरगं चुकलं असेल. खरंच धूर निघतो काय ते पाहावं म्हणून मी ती डबी तोंडाला लावली आणि ओढली. आता खरं सांगतो, चव चांगली होती. धूर सोडला तर तोंडातून पांढरा ढग निघाला, आणि त्या ढगापलीकडे दुकानाच्या पायरीवर दप्तर घेऊन सोनू उभी.

कॉलेजचं पोरगं उठलं. "अंकल, मैं बाद में आता हूँ," म्हणालं आणि उघड्या फोमवर बसून गाडी घेऊन गेलं.

बापानं अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला माहीत होतं. पण नाकातून अजून आंबा निघत होता. मी म्हणालो, "सोनू, तुला लाज..." आणि खोकला आला तो थांबेचना.

"गज्या, तू गप बस," काका म्हणाले. तिला स्टूल दिला. "सोने, पहिल्यांदा कधी?"

ती दप्तराचा पट्टा पिळत बसली. मग म्हणाली, "कोचिंगच्या वॉशरूममध्ये. एका मैत्रिणीचा बर्थडे होता. वो बोली, आम है, सिगरेट थोड़ी है."

"मग?"

"सर घूम गया. गळा जळला. उलटी आली."

"मग काय म्हणालीस तिला?"

"मैंने बोला, मस्त है."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सोल्यूशनचा डबा बंद करायला लागलो. तो बंदच होता.

"आणि आता?"

आता ती रडायला लागली. "आता सकाळी उठली की हात आधी तेच शोधतो, आजोबा. प्रीबोर्ड में दो बार वॉशरूम गई. तेवढ्यात दोन प्रश्न लिहायचे राहिले. बोर्डात तीन घंटे बसायचं आहे. पेपर येतो मला, सब आता है, पर मुझसे तीन घंटे बैठा नहीं जाता. आईला नका सांगू."

महिन्याभरावर बोर्ड आला होता. माझ्या खानदानात सातवीच्या पुढं गेलेली ही पहिली. मी म्हणालो, "फेकून देतो आत्ताच नाल्यात."

"नको," काका म्हणाले. "गेटावर मी कोणाची बिडी फेकली नाही. फेकली असती तर दुसऱ्या दिवशी त्यानं केसांत घालून आणली असती. सोने, उद्यापासून माझ्याकडे जमा करायची. घंटाभर. मग परत घेऊन जायची. तुझी वस्तू आहे, मी नाही म्हणणार नाही. पण मागायला माझ्याकडे यायचं." मग मला म्हणाले, "आणि आईला सांगायचं ते तीच सांगेल, तू नाही. आणि तूही जमा करायचं."

"मी काहून?"

"तिची वेगळी कंपनी, तुझी वेगळी. गेट एकच."

तर असं सुरू झालं. काकूंच्या जुन्या मसाल्याच्या डब्याच्या वाट्या झाल्या खण, आणि कॅरमच्या सोंगट्या झाल्या बिल्ले. सोनूला लाल, मला काळी. सकाळी आठला आम्ही बापलेक व्हरांड्यात रांगेत उभे. ती आपली डबी द्यायची, मी माझं पाकीट. ती तिथंच पाटीवर कागद ठेवून जुने पेपर सोडवायला बसायची, काका घड्याळ लावून शेजारी. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत लाल सोंगटी पुढं केली. काकांनी डबी दिली. देताना ते नेहमी दुसरीकडे पाहायचे.

मला हे पटत नव्हतं. स्वतःच्या हातानं मुलीला विष देणं हे कुठलं औषध, असं मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला नाही कळत बाबा. फॅक्टरी उडाली नाही एवढं मला माहीत आहे."

पण घंटा झाला, मग दीड, मग दोन. मला मात्र दहा वाजले की तलफ यायची. गोहलपुरातून दुकान टाकून मी अधारतालला यायचो. "इकडं एका सीटचं माप घ्यायला आलो होतो काका," आणि काळी सोंगटी पुढं. एकदा तर साडेनऊलाच आलो. सोनू गणित सोडवत बसली होती. दीड घंटा झाला होता तिचा. तिनं मान वर करून पाहिलं, काकांनी मला पाकीट दिलं ते पाहिलं, आणि परत पाटीवर वाकली. मी माप घ्यायला म्हणून टेपही आणला नव्हता.

पुढं सोनू डबी एकदम संध्याकाळीच न्यायला लागली. एका संध्याकाळी तर आलीच नाही. आम्ही जेवायला बसलो आणि दारात काका, हातात मसाल्याचा डबा, चेहरा कासावीस. बायकोसमोर काही बोलता येईना. सोनूला बाजूला बोलावून म्हणाले, "तुझी वस्तू राहिली."

"कल ले लूँगी आजोबा."

"कल कसं? पाळी संपली की ज्याचं त्याला. दुसऱ्याची वस्तू रात्रभर ठेवायची नाही."

खरं म्हणजे ज्यासाठी सगळं चाललं होतं तेच झालं होतं. पण काका घरी जाऊन तो डबा उशाशी घेऊन झोपले आणि काकू म्हणाल्या की झोपलेच नाहीत. बायकोनं विचारलं, "काय राहिलं होतं तिचं?" मी म्हणालो, "मसाला." बायकोनं उठून आपला मसाल्याचा डबा उघडून पाहिला.

बोर्डाचा पहिला पेपर हिंदीचा. मी सेंटरच्या बाहेर उभा. पोरं बाहेर आली, सोनू सगळ्यांत शेवटी. "बाबा, पूरा लिखा," म्हणाली. "बीच में एक बार लगा की उठून जावं. फिर सोचा, आजोबा घड्याळ घेऊन बसले असतील." आम्ही तसेच काकांकडे गेलो. त्यांनी तिचा हात मागितला. किती दिवसांनी मागितला होता. हुंगला. "शाई," म्हणाले.

तीन पेपर असे झाले. मग काका न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड गेलं.

त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा स्ट्रेचर ढकलायला मी होतो. तिथल्या गेटावर एक जवान गार्ड लोकांचा गुटखा आणि बिड्या काढून घेत होता. एवढ्या दुखण्यात काकांनी मान वळवून त्याचं काम पाहिलं. "वरचा खिसा पाहून राहिला," मला म्हणाले. "मोजे कोण पाहील?" मग त्याच्याकडे हात केला. "बेटा, उँगली सूँघो." गार्डाला वाटलं म्हातारा भ्रमात आहे. त्यानं काकांच्या पाया पडल्यासारखं केलं आणि दुसऱ्याच्या खिशात हात घातला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोनू आणि मी भेटायला गेलो. काकूंनी पिशवीतून मसाल्याचा डबा काढला. काकांनीच मागवला होता. त्यांनी लाल सोंगटी मागून घेतली, सोनूच्या हातात तिची डबी ठेवली. मग काळी घेतली आणि मला पाकीट दिलं.

सोनू म्हणाली, "ठेवा ना आजोबा. अभी दो पेपर बाकी हैं."

"माझी पाळी संपली, सोने. आता माझ्या गेटावर कोणी नाही. बिनमाणसाच्या गेटावर वस्तू जमा करायची नाही."

"मग मी कुठं ठेवू?"

"ते मला माहीत असतं तर बरं झालं असतं," काका म्हणाले. खरंच त्यांना माहीत नव्हतं. चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी तिचं मनगट धरलं आणि नर्स येईपर्यंत सोडलं नाही.

ऑपरेशन झालं, पण काका उठले नाहीत. शनिवारी गेले. त्यांच्या छातीत काही खराबी नव्हती, डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं तिशीच्या माणसाची होती. रविवारी नर्मदेवर ग्वारीघाटाला त्यांना अग्नी देऊन परत आलो. काकूंना त्यांची बहीण घेऊन गेली. आणि सोमवारी गणिताचा पेपर होता.

सकाळी आठला सोनू युनिफॉर्म घालून निघाली. मी मागं मागं. ती काकांच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. दाराला कुलूप, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली. डबी तिच्या मुठीत होती. ओढली होती की नाही, मला कळलं नाही. कोणाला कळणार, वास घेणारा गेला होता. शनिवारपासून ती नीट जेवली नव्हती, आणि त्या दिवशी तीन घंटे बसायचं होतं. मला एकदम वाटलं की आता बाप म्हणून माझी वेळ आली. सगळं समजत नसलं तरी एवढं तर मला करता येईल. मी हात पुढं केला.

"दे बेटा, मी ठेवतो. आजपासून मी दरबान."

तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. माझ्या वरच्या खिशातल्या पाकिटाकडे पाहिलं. मग वळून आमच्या घराकडे पाहिलं. तिकडं स्वयंपाकघराच्या खिडकीत तिची आई तिच्यासाठी दहीसाखर घेऊन उभी होती. सोनू तिकडं चालायला लागली.

"सोनू, आईला कळलं तर..." मी म्हणालो. "माझ्याकडे दे ना."

ती थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "आईकडे देते, बाबा. तुमच्याकडे ठेवली तर पेपर सुटायच्या आधी तुम्हीच ओढून टाकाल."